केबल काढू नका, डिस्क येतेय

विक्रोळी पूर्वेला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने फुटपाथवरून बोलायचं. यंदा गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून ते भाचीच्या हवाली केलं. काउंटरवर मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेला एक पुठ्ठा उभा असायचा: 'केबल काढू नका, डिस्क येतेय.' भाचीने दुकानाला रंग काढला, बोर्ड बदलला, पण पुठ्ठा ठेवलाय. म्हणाली, "मावशी, याच्याशिवाय धंदा चालणार नाही."

खरंच आहे ते. बाहेरून लावायची हार्ड डिस्क म्हणजे ती पाकिटाएवढी काळी डबी. लोक त्यात लग्नाचे फोटो, पोराचं बारसं, मेलेल्या माणसांचे आवाज, सगळं भरून ठेवतात आणि केबल खुपसली की ते क्षणात समोर हजर पाहिजे असतं. दहा सेकंदांत डिस्क दिसली नाही की माणूस केबल उपटतो, तोंडाने फुंकर मारतो, परत खुपसतो. परत दहा सेकंद. परत उपट. असं पाच-सहा वेळा झालं की माझ्याकडे यायचं आणि म्हणायचं, "मॅडम, डिस्क मेली." अरे बाबा, मेली नाही, तू तिला उठूच देत नाहीयेस.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. डिस्कच्या पोटात एक चकती असते. वीज मिळाली की ती आधी फिरून वेगात यायला लागते. मग कॉम्प्युटर विचारतो, कोण तू, किती वीज लागते तुला, बोलायचा वेग किती. डिस्क उत्तर देते. मग आत काय काय कुठे ठेवलंय त्याची यादी वाचायची. गेल्या वेळी कुणी न सांगता-सवरता केबल उपटलेली असेल तर ती यादी विस्कटलेली असते, ती आधी सारखी करायची. एवढं सगळं झाल्यावर स्क्रीनवर डिस्कचं चित्र उमटतं. यात वेळ जातो, आणि मध्येच उपटली की पहिले पाढे पंचावन्न.

माझी बरीच गिऱ्हाइकं लिनक्सवाली होती. त्यांना हौस होती म्हणून नव्हे. जुन्या कॉम्प्युटरला नवी सिस्टिम झेपत नाही, नवा कॉम्प्युटर घरात कुणाला नको असतो, मग मी त्यात लिनक्स नावाची सिस्टिम घालून द्यायची. हलकं असतं, फुकट असतं, आणि मला त्यातलं सगळ्यात काय आवडायचं तर त्याचा लॉग. काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ येते: कुणीतरी दारात आलंय, नाव विचारलं, उत्तर नाही, पुन्हा विचारतोय, पुन्हा उत्तर नाही. नुसतं गोल गोल चक्र फिरवत माणसाला ताटकळत ठेवायचं नाही. मी तो लॉग पेपरासारखा वाचायची, आणि त्याचा मला गर्व होता. तो गर्व पुढे मला चांगलाच नडला, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलेय.

तऱ्हेवाईक माणसं तर ढिगाने भेटली. गोराईचा एक लग्नाचे फोटो काढणारा फोटोग्राफर होता, दर दोन महिन्यांनी फेरीबोटीने खाडी ओलांडून, मग सगळं शहर आडवं कापून माझ्याकडे यायचा. त्याच्या डिस्क कधी लवकर दिसायच्याच नाहीत. समुद्राची हवा, पिनांवर हिरवट गंज चढलेला. मी पुसून द्यायची आणि तो म्हणायचा, "मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे." हाताला कसला गुण, स्पिरिट आणि जुना टूथब्रश! मुलुंडचे एक रिटायर्ड मास्तर डिस्क कीबोर्डच्या भोकात लावायचे. तिथे वीज कितीशी मिळणार? डिस्क उठायची, धापा टाकायची, बसायची. मी म्हटलं, "सर, मागच्या बाजूला लावा." तर म्हणाले, "मागे वाकवत नाही हो, कंबर धरते." मी त्यांना मागून एक लांबडी जाड वायर काढून टेबलावर आणून दिली. दिवाळीला चिवडा घेऊन आले होते.

आता परब बुवांची गोष्ट.

बुवा आमच्याच भागातले. मालवणकडचे, भजनी मंडळाचे बुवा. पेटीवर बसले की समोरच्या पखवाजवाल्याला घाम फोडायचे. त्यांची बायको सुमतीकाकू. पंचेचाळीस वर्षं मुंबईत काढली, पण बोलणं अजून मालवणी. तीन वर्षांपूर्वी बुवांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. कळायचं सगळं. पण बोलायला गेले की नुसतं "हां" निघायचं. पाणी हवं तरी हां, दुखतंय तरी हां. मग स्वतःवरच चिडायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

एके दिवशी काकूंनी कॉम्प्युटरवर मंडळाचं जुनं भजन लावलं, आपलं घरात जरा बरं वाटावं म्हणून. आणि बुवा गायला लागले. हां नव्हे, अख्खे शब्द. भजनाच्या सुरुवातीला म्हणतात तो रूपाचा अभंग सुरू झाला आणि रेकॉर्डिंगमधल्या स्वतःच्या आवाजाबरोबर हे पलंगावर बसून गातायत. काकू पदराने डोळे पुसत शेजाऱ्यांना हाका मारत सुटल्या. डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं. बोलणं मेंदूत एका बाजूला असतं, गाणं दुसरीकडे. बोलण्याचं दार बंद झालं तरी गाण्याच्या दारातून शब्द बाहेर येतात. रोज गाऊ द्या, त्यांच्याच आवाजाबरोबर, खंड पाडू नका. खंड पडला तर आलेलं परत जाईल, हेही सांगितलं.

तेव्हापासून तो नेम झाला. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि बुवा पलंगावर मांडी घालून तयार. काकू डिस्क लावायच्या. तासभर भजन. आणि भजन संपल्यावर थोडा वेळ, गळा ओला असेपर्यंत, एखाददुसरा सुटा शब्दही यायचा. "पाणी." "ऊन." काकू मला दुकानात येऊन सांगायच्या, "आज 'कांदो' म्हणाले गो!" पोराने पहिला शब्द काढल्यावर आई सांगते ना, तसा चेहरा.

ही रेकॉर्डिंगं फक्त त्या डिस्कवर होती. मुळात कॅसेट होत्या. जावयाने बसून त्या डिस्कवर घेतल्या आणि बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सामानाच्या आवराआवरीत कॅसेटची खोकी गेली भंगारात. मला हे माहीत होतं. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये लिनक्स मीच घातलेलं. कॉपी करून ठेवायला हवी हे मी चार वेळा काकूंना बोलले आणि चारही वेळा स्वतःच उद्यावर ढकललं. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी बाई मी!

गेल्या दसऱ्याच्या आधी काकूंनी कॉम्प्युटर आतून साफ करायला आणला, बरोबर डिस्क. बुवा दोन दिवस मोबाइलवर दुसऱ्या कुणाची भजनं ऐकून भागवतील म्हणाल्या. दसऱ्याला मी दुकानात पूजा करते. आमच्याकडे पद्धत अशी की अवजाराला हळदकुंकू लागलंच पाहिजे, आणि गिऱ्हाइकाची वस्तू दुकानात असेपर्यंत ती आपलीच. त्यामुळे सोल्डरिंगच्या यंत्रापासून दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपपर्यंत सगळ्यांना बोट लावत गेले. बुवांच्या डिस्कलाही लावलं. वर एक झेंडूचं फूल. दुसऱ्या दिवशी काकू आल्या, ते बोट बघून हरखल्या. "बरा केलंस गो बाय," म्हणाल्या आणि डिस्क छातीशी धरून घेऊन गेल्या.

दिवाळीच्या आसपास त्या परत आल्या. "डिस्क लवकर दिसणा नाय गो. आधी लावल्याबरोबर येय. आता वाट बघूक लागता."

मी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. काकू म्हणाल्या, "वाचलंय. केबल काढलंय नाय. तरी चार मिनटां."

दुकानात लावली तर डिस्क सात सेकंदांत हजर. मी म्हटलं, केबल जुनी झालीये. नवी दिली. तेव्हाच मी त्यांना म्हणायला हवं होतं, काकू, दोन तास बसा, कॉपी करून घेते. डिस्क शहाण्यासारखी वागत होती, हाताशी होती. पण बाहेर तीन माणसं खोळंबलेली आणि काकूंना बुवांची काळजी. पुढच्या वेळी, म्हटलं. त्या 'पुढच्या वेळी'बद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

नव्या केबलने दोन दिवस बरं चाललं. मग पुन्हा तेच. मग आणखी वाईट. मी एकेक गोष्ट करत गेले. मागच्या पोर्टला लावायला सांगितली. वेगळी वीज देणारा हब दिला. लिनक्समध्ये डिस्कला मध्येच झोपवायची सोय असते, ती बंद केली. आतली यादी तपासून सारखी केली. लॉग वाचला: वेगवान बोलणं जमत नाही, पुन्हा प्रयत्न, पुन्हा प्रयत्न, आता जुन्या संथ वेगाने बघू, तिथेही तुटलं. आणि आता कॉपी करायला घेतली तर दहाव्या मिनिटाला डिस्क गायब. तीनदा केलं, तीनदा गायब.

मी निदान करून टाकलं. "काकू, डिस्क म्हातारी झाली. आता हिला उघडणाऱ्यांकडे द्यावी लागेल, अंधेरीला. पंधरा दिवस तरी जातील. आणि सगळं परत मिळेलच असं नाही."

"उघडतत म्हणजे आपरेशनच ना?"

"तसंच."

काकू काउंटरची कड धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आठ दिस झाले, ते शर्ट घालणत नाय. आंघोळ करून परत आडवे पडतत. काल मी पाणी पुढे केलंय, तर हां पण म्हणाले नाय."

हे ऐकून मी म्हटलं, "सोमवारी देऊ अंधेरीला. त्याआधी उद्या सकाळी मी घरी येते. तुम्ही रोज जसं करता तसंच करा, मी नुसती बसून बघते." खरं तर हे मी पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. दुकान टाकायच्या आधी मी सोळा वर्षं अंधेरीच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. आम्ही बायका ओळीने भिंगाच्या दिव्याखाली बसायचो, आणि आमचे सुपरवायझर एकच गोष्ट सांगायचे: मीटर लावायच्या आधी डोळे लावा. मी मात्र लॉग वाचत राहिले.

रविवारी सकाळी गेले. एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीशी कॉम्प्युटर, त्याच्यासमोर पलंग, पलंगावर बुवा भिंतीकडे तोंड करून. काकूंनी कपाटातून डिस्क काढली. आधी तिला पाटावर ठेवलं. मग देव्हाऱ्यातून करंडा आणला, तळहातावर थेंबभर पाण्यात कुंकू कालवलं आणि अनामिकेने डिस्कला लावलं. कुठे? जिथे केबल जाते त्या टोकाला, बरोब्बर सॉकेटच्या तोंडावर. हात जोडले. मग केबल लावली.

मी बघतच राहिले.

"काकू, हे रोज?"

"तर! तू लावलंस ना दसऱ्याक? मग मी रोज लावतंय. आधी एक बोट लावी. डिस्क रुसाक लागली तशी दोन लावतंय, तीन लावतंय. तुझ्या दुकानात आणताना तेवढा ओल्या फडक्यान पुसतंय. दुकानात कसा न्यायचा ह्या असा?"

आता सगळं लख्ख कळलं. त्या चपट्या सॉकेटला शेजारी शेजारी दोन खण असतात, एक संथ बोलण्याचा, एक वेगवान. दोन्हींत केसासारख्या पिना. त्यांच्यात रोज ओलं कुंकू, ते वाळायचं, वर दुसऱ्या दिवशीचं. ओल्या फडक्याने आणखी आत. डिस्कला काही म्हणजे काही झालं नव्हतं. ती बिचारी रोज उठत होती, बोलायला जात होती आणि तिच्या तोंडात बोळा होता. आणि जितका उशीर होईल तितकं काकू जास्त कुंकू लावत होत्या.

आता हे सांगू कसं? कुंकू कुणाचं, कुणासाठी लावलेलं? त्या माउलीने नवऱ्याचा आवाज जाऊ नये म्हणून रोज हात जोडून लावलेलं. मी आपली जीभ चावली आणि म्हटलं, "काकू, आणा ती इकडे, जरा उन्हात बघते." पिशवीतून भिंग काढलं, स्पिरिट, ब्रश, कापसाच्या काड्या. खिडकीशी पाठमोरी बसून साफ करायला लागले. एक काडी, दोन काड्या, पाच काड्या.

"काय होता गो?"

"काही नाही, धूळ बसलीये."

काकू माझ्या खांद्यावरून वाकल्या. माझ्या मांडीवर काड्यांचा ढीग पडलेला. काकूंनी त्यातली एक उचलली, उजेडात धरली.

"धूळ लाल असता?"

मी घाईघाईने बोलत सुटले. चूक माझी, दसऱ्याला मीच लावलं, मीच बघायला हवं होतं, तुम्हाला कसं कळणार. काकू ऐकत नव्हत्या. त्या करंड्याकडे बघत होत्या. मग त्यांनी करंडा बंद केला, दूर सारला आणि खाली फरशीवर बसल्या. "माझ्याच हातान," म्हणाल्या. "माझ्याच हातान मी त्येंचो आवाज बंद केलंय गो." आणि तोंडावर पदर घेऊन ढसाढसा रडायला लागल्या. मला काय करावं सुचेना. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी डिस्कला केबल लावली. चार सेकंदांत चित्र उमटलं. पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड होती?

पलंग करकरला. बुवा या कुशीवर वळले होते. डाव्या हाताने कठडा धरून उठून बसले, मला हात लावू दिला नाही. पाय खाली सोडले. काकूंच्या डोक्यावर डावा हात ठेवला. ओठ हलत होते, गळ्याची शीर फुगली होती. भजन लागलेलं नव्हतं, पेटी नव्हती, सूर नव्हता. आणि ते बोलले.

"रडां नको."

काकूंनी पदर काढला. "काय? काय म्हणालात? परत म्हणा."

बुवांनी तोंड उघडलं. "हां," म्हणाले. पुन्हा प्रयत्न केला. "हां." मग दमले. काकू त्यांच्या गुडघ्याला मिठी मारून बसल्या. मीही रडत होते, स्पिरिटची बाटली माझ्या साडीवर लवंडलेली.

त्या दिवशी दोन ठिकाणी कॉपी पुरी झाल्याशिवाय मी तिथून हलले नाही. कॉपी होत असताना काकूंनी भजन लावलं आणि बुवा शर्ट न घालताच गायले. डिस्कला मी प्लास्टिकचं घट्ट पाकीट करून दिलं आणि काकूंना सांगितलं, रोज कुंकू लावा, पण पाकिटाला. करंडा मी स्वतः उचलून त्यांच्या हातात दिला.

बुवांचा नेम आता व्यवस्थित चालू आहे. सुटे शब्द परत यायला लागलेत, भाजीची नावं तर बरीच. पण ते दोन शब्द त्यांनी नंतर कधी म्हटले नाहीत. डॉक्टर म्हणाले, होतं असं, एकदाच येतं. त्या वेळी कॉम्प्युटर चालू होता, माझा मोबाइल पिशवीत होता, पण रेकॉर्ड कुणी केलं नाही. करायचं सुचणार तरी कसं?

काकू अजून दुकानात येतात, काम नसलं तरी. भाचीशी दोन शब्द बोलतात, मी असले तर माझ्यापाशी स्टूल ओढून बसतात. बाजारभाव, गुडघे, जावई. मग उठायच्या आधी आवाज खाली करतात.

"तू आयकलंस ना गो त्या दिवशी?"

"ऐकलं ना, काकू."

"काय म्हणाले?"

"रडां नको म्हणाले."

"माका म्हणाले ना?"

"तुम्हालाच. डोक्यावर हात ठेवून."

काकू मान हलवतात, पिशवी उचलतात आणि घरी जातात.